चालू लाइनच्या वेल्डचा एक्स-रे : काय दिसतं, काय दिसत नाही

प्रश्न थोडक्यात असा. तळोज्याच्या एका रासायनिक कारखान्यातले देखभाल अभियंता विचारतात : आमच्याकडे थर्मिक फ्लुइडची (उष्णता वाहून नेणाऱ्या तेलाची) आठ इंची लाइन आहे, कार्बन स्टील, शेड्यूल ४० (भिंतीच्या जाडीचा ठरलेला वर्ग). आत २६० अंश सेल्सिअसचं तेल फिरतं. सहा वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने या लाइनचा एक तुकडा बदलला. त्यातल्या चौदा जॉइंटच्या, म्हणजे वेल्ड केलेल्या सांध्यांच्या, एक्स-रे फिल्म आज कुणालाच सापडत नाहीत. गेल्या महिन्यात त्यातल्या एका जॉइंटखालच्या लॅगिंगमधून (पाइपवरच्या उष्णतारोधक आवरणातून) तेल पाझरताना दिसलं. शटडाउन अजून सात महिने लांब आहे. साहेब म्हणतात, लाइन बंद न करता सगळ्या जॉइंटची रेडिओग्राफी (एक्स-रे किंवा गॅमा किरणांनी फिल्म काढणं) उरकून घ्या. जमेल का?

जमेल. फिल्म काळी होईल, वेल्ड दिसेल, जॉइंट ओळखायला लावलेले शिशाचे आकडेही वाचता येतील. आणि तिथेच फसगत होते. फिल्म हातात आली की सगळ्यांना वाटतं, उत्तर मिळालं. मी तीस वर्षं फिल्म वाचतोय. चालू लाइनच्या फिल्मवरून जितके चुकीचे निर्णय घेतलेले पाहिले, तितके फिल्म नसताना घेतलेले पाहिले नाहीत. म्हणून आधी नीट समजून घेऊ की अडचण नेमकी कशाची आहे.

लाइन चालू आहे ही अडचण नाहीच. तेल वाहतंय की थांबलंय, गॅमा किरणांना त्याचं सोयरसुतक नसतं. पंपाच्या थरथरीने प्रतिमा धूसर होईल असं नव्या मुलांना वाटतं, पण सोर्सची (किरण देणाऱ्या किरणोत्सारी गोळीची) नळी आणि फिल्म दोन्ही त्याच पाइपला बांधलेल्या असल्या की सगळं एकत्रच हलतं. सोर्स बाहेर स्टँडवर आणि फिल्म पाइपवर असा संसार मांडला तर मात्र फिल्म हललेली येणार. खऱ्या अडचणी तीन : लाइन भरलेली आहे, लाइन गरम आहे, आणि तिच्या भोवतीचा कारखाना जागा आहे. तिन्ही वेगवेगळ्या आहेत आणि तिन्हींचे उपायही वेगळे. "ऑनलाइन आरटी" (आरटी म्हणजे रेडिओग्राफी) असा एकच शब्द वापरून लोक त्यांची खिचडी करतात.

भरलेल्या पाइपचा हिशोब कागदावर करून पाहा. आठ इंची पाइपचा बाहेरचा व्यास २१९.१ मिमी, भिंत ८.१८ मिमी, म्हणजे आतला व्यास जवळपास २०३ मिमी. इरिडियम-१९२ या नेहमीच्या सोर्सच्या किरणांसाठी साधारण साडेसहा ते सात मिलिमीटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पोलाद. पाइपमध्ये पाणी असतं तर ते ३१ मिमी पोलादाइतकं आडवं आलं असतं. तुमचं तेल त्या तापमानाला पाण्याच्या चार-पंचमांश घनतेचं धरलं तर २५ मिमी. दोन भिंती मिळून साडेसोळा मिमी. म्हणजे किरणांना एकूण ४२ मिमी पोलाद ओलांडायचंय, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त पोलाद नाहीच, तेल आहे. इरिडियमसाठी पोलादाची अर्धमूल्य जाडी (किरण निम्मे करणारी जाडी) साधारण १३ मिमी. २५ मिमी म्हणजे जवळजवळ दोन अर्धमूल्यं, म्हणून वेळ चौपट. रिकाम्या पाइपला मिनिटभर पुरत असेल तर इथे चार मिनिटं. फारसं बिघडलं नाही, असं तुम्ही म्हणाल, आणि वेळेपुरतं ते खरंच आहे. हाच हिशोब सोळा इंची पाण्याच्या लाइनवर करा : आतलं पाणी एकटंच ५८ मिमी पोलादाइतकं होतं आणि वेळ वीसपटीच्या वर जातो. तिथे मी सरळ नाही म्हणतो. उलट, आठ इंची लाइनमध्ये दहा बारची वाफ असेल तर ती किरणांच्या दृष्टीने जवळपास हवाच. पन्नास बारचा नैसर्गिक वायू असला तरी मिमी-सव्वा मिमी पोलादाची भर पडते, बस. म्हणून वायू आणि वाफेच्या चालू लाइनवर चांगली फिल्म निघते आणि द्रवाच्या लाइनवर निघत नाही. लोक दोन्हींना एकाच मापाने मोजतात.

अर्धवट भरलेली आडवी लाइन तर याहून वाईट. वरच्या अर्ध्या भागात फिल्म काळीकुट्ट, खालच्या अर्ध्यात पांढुरकी. शॉट चालू असताना पातळी वरखाली झाली तर मध्ये एक गूढ पट्टा उमटतो आणि त्याला कुणीतरी "लॅमिनेशन" (धातूतले थर सुटणं) म्हणून मोकळा होतो.

वेळ वाढवून डेन्सिटी (फिल्मचा काळेपणा) मिळते, कॉन्ट्रास्ट मिळत नाही. हे वाक्य मी प्रत्येक नव्या बॅचला फळ्यावर लिहून देतो. तेल किरणांना नुसतं अडवत नाही, ते त्यांना विखुरतं. पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात धुक्यात गाडीचा मोठा दिवा लावला की रस्ता दिसत नाही, धुकंच जास्त उजळतं. तसंच होतं. बाजूला फेकले गेलेले किरण फिल्मवर सगळीकडे सारखे पडतात आणि बारीक दोषाची सावली पुसून टाकतात. डेन्सिटोमीटर २.५ दाखवतो, रेडिओग्राफी एजन्सीचा मुलगा खूश होतो, आणि पेनीची (फिल्म किती बारीक दाखवते हे तपासायला ठेवलेल्या तारांच्या पट्टीची) तार शोधायला गेलं तर सापडत नाही.

पेनीचीच गोष्ट घ्या. कोड (तपासणीचे छापील नियम) तिची निवड वेल्डच्या धातूच्या जाडीवर करायला सांगतो, तेलाच्या नाही. म्हणजे ८ मिमी भिंतीला जी पाव मिलिमीटरच्या आसपासची तार दिसायला हवी, तीच तुम्हाला ४२ मिमीच्या पडद्याआडून दाखवायची असते. भरलेल्या लाइनवर कोडची संवेदनशीलता मिळेल की नाही याची हमी कुणी आधी देत असेल तर त्याने एकतर हे काम केलेलं नाही किंवा त्याला तुमची ऑर्डर हवी आहे. आधी एका जॉइंटवर एक चाचणी शॉट घ्या. तार दिसली तर पुढे जा.

विखुरण कमी करण्याचे उपाय जुनेच आहेत, पण चालू लाइनवर त्यांचा आळस परवडत नाही. सोर्सच्या टोकाला टंगस्टनचा कॉलिमेटर (किरण एकाच दिशेला सोडणारं आवरण) हवाच. पाइप आणि कॅसेट (फिल्मचं पाकीट) यांच्यामध्ये मिलिमीटरभर शिशाचा पत्रा ठेवला की तेलातून आलेले मऊ किरण तिथेच गळतात. वेळ थोडा वाढतो, पण तार परत येते. कॅसेटच्या मागे शिसं आणि त्यावर बी हे अक्षर. फिल्मवर ते उजळ उमटलं तर मागून विखुरण येतंय, तो शॉट रद्द. वेळ वाचवायला वेगवान, जाड कणांची फिल्म वापरायचा मोह होतो. तो टाळा. वेळ चौपट होणारच आहे, तो आठपट झाला तरी चालेल, फिल्म बारीक कणांचीच हवी. सेलेनियम-७५ हा दुसरा सोर्स पातळ भिंतीला इरिडियमपेक्षा सुंदर कॉन्ट्रास्ट देतो, पण तो रिकाम्या पाइपवर. ४० मिमीच्या पुढे त्याचा दम संपत येतो. तुमच्या तेलाच्या लाइनवर मी इरिडियमच घेईन.

सीआर प्लेट (फिल्मऐवजी वापरायची, संगणकावर वाचली जाणारी प्लेट) आणि डिजिटल डिटेक्टरबद्दलही विचाराल. प्रतिमा पटकन येते, डार्करूम लागत नाही, पडद्यावर हवं ते उजळ-गडद करता येतं. पण सीआरची प्लेट विखुरलेल्या मऊ किरणांना फिल्मपेक्षाही जास्त हळवी असते. भरलेल्या लाइनवर शिशाचे पत्रे न वापरता सीआर केलं तर राखाडी लापशी मिळते. पडद्यावर ती कितीही ढवळा.

आता उष्णता. इथे बहुतेक कामं बिघडतात.

२६० अंशाच्या पाइपवर फिल्म लावता येत नाही हे सांगायला नको. फिल्मचा थर उष्णतेने धुरकटतो, मऊ होतो, कॅसेटचं प्लास्टिक गळतं. माझा साधा नियम आहे : जिथे तळहात निवांत ठेवता येत नाही, तिथे फिल्मही राहणार नाही. मग एजन्सी म्हणते, लॅगिंग काढायलाच नको, वरूनच शॉट घेऊ. तुमचं लॅगिंग ७५ मिमी असावं असं धरतो. भौमितिक धूसरता काढा : सोर्सचा आकार गुणिले वेल्डपासून फिल्मचं अंतर, भागिले सोर्सपासून वेल्डचं अंतर. सोर्स ३ मिमीचा. लॅगिंगच्या बाहेर फिल्म म्हणजे वेल्डच्या आतल्या पृष्ठापासून फिल्म ८५ मिमी दूर. सोर्स पलीकडच्या लॅगिंगवर, म्हणजे २८६ मिमीवर. उत्तर येतं ०.८९ मिमी. एएसएमई या अमेरिकी संस्थेच्या कोडच्या सेक्शन पाचमध्ये दोन इंचांपर्यंतच्या जाडीला सुचवलेली मर्यादा ०.५१ मिमी आहे. म्हणजे पाऊण पटीने बाहेर.

दुसरं टोक म्हणजे दोन्हीकडचं लॅगिंग सोलून टाकणं. फिल्म आणि पाइप यांच्यात २५ मिमी सिरॅमिक ब्लँकेट ठेवलं, सोर्स थेट पाइपला टेकवला, तर ३ गुणिले ३५ भागिले २११, म्हणजे ०.५ मिमी. मर्यादेत, पण काठावर. शिवाय सोर्सची गाइड ट्यूब (सोर्स ज्यातून पुढे सरकतो ती नळी) २६० अंशाच्या पोलादावर ठेवावी लागते. तिचं आवरण वितळलं आणि सोर्स आत अडकला की त्या रात्रीचं काम रेडिओग्राफीचं राहत नाही, आणीबाणीचं होतं.

म्हणून मी काय करतो : फिल्मच्या बाजूचं लॅगिंग काढतो, सोर्सच्या बाजूचं तसंच ठेवतो. सोर्स ७५ मिमी लांब गेला, फिल्म ३५ मिमीवरच राहिली. धूसरता ०.३७ मिमीवर येते, गाइड ट्यूब थंड राहते, आणि लॅगिंगवाल्याचं कामही निम्मं होतं. अंतर वाढल्यामुळे वेळ आणखी पावणेदोनपट होतो, म्हणजे एकूण सात मिनिटांच्या आसपास. ही सात मिनिटं फिल्मने काढायची आहेत. २५ मिमीचं थंड, कोरं ब्लँकेट तेवढा वेळ उष्णता थोपवून धरतं. मात्र दुसऱ्या शॉटला तेच ब्लँकेट वापरलं तर नाही, कारण तोवर ते आतून तापलेलं असतं. म्हणून ब्लँकेटच्या दोन-तीन जोड्या ठेवायच्या, एक लावायची, एक जमिनीवर निववायची. हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. आखातात एका उन्हाळ्यात सलग अकरा फिल्म करपल्यावर आमच्या एका मालवणी हेल्परने हे सुचवलं होतं.

सोर्स किती जुना आहे हे इथेच विचारून घ्या. इरिडियमचं अर्धायुष्य ७४ दिवसांचं. ४० क्युरीचा (क्युरी हे किरणोत्साराचं माप) सोर्स अडीच महिन्यांत २० वर येतो, पाच महिन्यांत १० वर. माझे सात मिनिटांचे आकडे ताज्या सोर्सचे आहेत. एजन्सीने मरतुकडा सोर्स आणला तर सातची अठ्ठावीस मिनिटं होतील आणि कुठलंही ब्लँकेट तेवढं तग धरणार नाही. दर ठरवताना हे कुणी विचारत नाही, साइटवर रात्री अकरा वाजता कळतं.

लॅगिंग काढण्याबद्दल एक गंभीर गोष्ट, आणि तुमच्या बाबतीत ती बाकी सगळ्याच्या आधी येते. थर्मिक फ्लुइड पाझरून लॅगिंगमध्ये मुरलेलं असतं तेव्हा ते आत हळूहळू तापत, जळत असतं. हवा कमी म्हणून ज्वाला दिसत नाही. तुम्ही क्लॅडिंगचा (लॅगिंगवरचा) पत्रा उचकटला की ताजी हवा आत जाते आणि तो लगदा भडकू शकतो. रॉकवूल जळत नाही हे खरं, पण त्यात मुरलेलं तेल जळतं. जिथे पत्र्याच्या सांध्यातून तेलाचा डाग, धूर किंवा करपट वास येतोय, तिथे गरम लाइनवर पत्रा उघडायचा नाही. ज्या जॉइंटवर काहीच डाग नाही तिथेही आग विझवणारा माणूस उभा राहिल्याशिवाय मी पत्र्याला हात लावू देत नाही.

तुमची लाइन कार्बन स्टीलची आहे म्हणून हे थोडक्यात सांगतो : गरम स्टेनलेस लाइन असेल तर शिशाचे आकडे आणि पत्रे थेट पाइपला चिकटवू नका, आणि मिळेल ती चिकटपट्टीही वापरू नका. शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि गरम धातूवर त्याचे डाग बरे नव्हेत. क्लोराइड असलेला गोंद तर स्टेनलेसला तडे पाडण्याची सोय करून देतो. तपासणी करायला गेलो आणि दोष लावून आलो, असं व्हायचं.

हे सगळं सांभाळून फिल्म मिळाली, तर तिच्यात काय दिसेल? मूळचं अपुरं पेनिट्रेशन (वेल्ड तळापर्यंत न पोचणं) दिसेल. रूटची, म्हणजे वेल्डच्या तळाची, ती सरळ, काळी रेघ बहुधा लपत नाही. खाचेत तेल भरलेलं असलं तरी तेल पोलादापेक्षा इतकं हलकं की रेघ काळीच येते. मोठी पोरॉसिटी (वायूची छिद्रं), स्लॅग (अडकलेला मळ), रूटला झिजून पडलेली चर, आतून वितळून लोंबलेला धातू, हे दिसेल. थोडक्यात, जिथे धातू नाही किंवा जास्त आहे ते दिसेल. बारीक तडे दिसणार नाहीत. तडा किरणांच्या दिशेपासून दहा-पंधरा अंशांनी जरी कलला तरी रिकाम्या पाइपवरही तो हुकतो. इथे तर तेलाचं धुकं आणि वाढलेली धूसरता आहे. बाजूच्या भिंतीला न चिकटलेला वेल्ड हाही तसाच निसटतो.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येऊ. तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचंय? माझ्या समजुतीप्रमाणे तुमच्या मनातली शंका अशी आहे : त्या ठेकेदाराने एक जॉइंट खराब केला, मग बाकीचेही केले असतील का? हा प्रश्न चांगला आहे, आणि चालू लाइनवरची रेडिओग्राफी त्याचं बऱ्यापैकी उत्तर देऊ शकते. घाईत मारलेला, रूट न भरलेला जॉइंट ती पकडते. पाझरणारा सोडून उरलेल्या तेरापैकी पाच-सहा जॉइंटमध्ये अर्ध्या परिघाची काळी रेघ दिसली तर तुम्हाला सात महिने थांबायचं की नाही हे ठरवता येईल. पण "हे तेरा जॉइंट कोडप्रमाणे पास आहेत" असं त्या फिल्मवरून म्हणता येणार नाही. ती दुधाची तहान ताकावर भागवणं आहे. भागवा, पण ताकाला दूध म्हणू नका. बी३१.३ या कारखान्यातल्या पाइपिंगच्या कोडमध्ये सामान्य सेवेच्या लाइनला अपुऱ्या पेनिट्रेशनची खोली १ मिमी आणि भिंतीच्या जाडीच्या एक-पंचमांश, यापैकी जे कमी तेवढी, आणि लांबी दर १५० मिमीत मिळून ३८ मिमीपर्यंत चालते. लांबी फिल्मवर मोजता येते. खोली अशा धूसर फिल्मवरून काळेपणा बघून सांगणारे बरेच भेटतात. त्यांच्यावर विसंबू नका.

तसंच, हरवलेल्या फिल्मचा शोधही थोडा बेताने घ्या. त्याच कोडमध्ये सामान्य सेवेच्या लाइनला किमान ५ टक्के जॉइंटची रेडिओग्राफी पुरते. चौदा जॉइंटचे ५ टक्के म्हणजे एक. तुमच्या कराराने जास्त मागितलं नसेल तर तेरा जॉइंटच्या फिल्म हरवलेल्या नाहीत, त्या कधी काढलेल्याच नसतील. आधी जुनी वर्क ऑर्डर काढून बघा.

अहवालाच्या शब्दांवरून माझं एका ग्राहकाशी कायमचं बिनसलं. भरलेल्या कंडेन्सेट लाइनच्या फिल्म होत्या. पेनीची तार तीन जॉइंटवर दिसत नव्हती. त्यांना "स्वीकृत" असा शिक्का हवा होता, विमा कंपनीला दाखवायला. मी लिहिलं : "सेवेत असलेल्या, द्रवाने भरलेल्या लाइनवरील माहितीसाठीची रेडिओग्राफी. अपेक्षित संवेदनशीलता जॉइंट क्रमांक अमुक-तमुकवर मिळाली नाही. स्वीकृतीसाठी वापरू नये." त्यांनी दुसऱ्याकडून शिक्का आणला. तुमच्या अहवालातही असंच वाक्य असू द्या, आणि ते काम सुरू होण्याआधी साहेबांना वाचून दाखवा. नंतर दाखवलं तर भांडण होतं.

शॉटची संख्या : दोन भिंती ओलांडून एका भिंतीची प्रतिमा घ्यायची तेव्हा १२० अंशांवर किमान तीन शॉट लागतात. सोर्स इतका जवळ असताना फिल्मच्या कडांना डेन्सिटी फार घसरते, म्हणून मी चार घेतो. तेरा जॉइंट, बावन्न शॉट. लॅगिंग, ब्लँकेट, परमिट धरून एका रात्रीत चार जॉइंट झाले तर नशीब समजा.

रात्री का, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिसरी अडचण तीच, जागा असलेला कारखाना. शटडाउनमध्ये ब्लॉक रिकामा करता येतो. चालू कारखान्यात फील्ड ऑपरेटरची फेरी असते, पंपावर माणूस असतो, कंट्रोल रूम सोडून कुणी जाऊ शकत नाही. २० क्युरीचा उघडा इरिडियम सोर्स एका मीटरवर तासाला जवळपास ९५ मिलिसिव्हर्ट देतो. दहा मीटरवर तासाला साधारण एक मिलिसिव्हर्ट, म्हणजे सामान्य माणसाची अख्ख्या वर्षाची मर्यादा तासाभरात. कॉलिमेटर आणि पाइप यामुळे प्रत्यक्षात बरंच कमी होतं, पण दोरी कुठे बांधायची हे अंदाजाने ठरवत नाहीत, सर्व्हे मीटरने ठरवतात. आणि मीटर वरच्या प्लॅटफॉर्मवर आणि खालच्या मजल्यावरही न्यायचा. जाळीची फरशी किरणांना थांबवत नाही. एजन्सीकडे एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) परवाना, तुमच्या साइटवर सोर्स आणण्याची ई-लोरावरची (मंडळाच्या ऑनलाइन प्रणालीवरची) नोंद, प्रशिक्षित रेडिओग्राफर आणि आरएसओ (किरणोत्सार सुरक्षा अधिकारी) आहेत का, हे कागद स्वतः बघा. ठेकेदाराच्या ठेकेदाराकडून कॅमेरा (सोर्स ठेवायची जड पेटी) आला असेल तर तिथेच थांबवा.

१९९९ च्या फेब्रुवारीत पेरूमधल्या यानांगो इथे जलविद्युत प्रकल्पावर एका वेल्डरला इरिडियमचा सुटलेला सोर्स पडलेला सापडला. त्याने तो पँटच्या मागच्या खिशात टाकला आणि काही तास तसाच वावरला. त्याचा पाय कापावा लागला. जिथे दुसऱ्या कामांची माणसं फिरत असतात तिथे प्रत्येक शॉटनंतर मीटर घेऊन कॅमेऱ्यापर्यंत आणि गाइड ट्यूबच्या टोकापर्यंत चालत जायचं, ते यासाठी. क्रँक (सोर्स आत-बाहेर करायचा दांडा) पूर्ण फिरला म्हणजे सोर्स आत आला असं नाही.

एक गोष्ट चालू कारखान्यातच घडते आणि बहुतेक एजन्सींच्या ध्यानीमनी नसते. कारखान्यातली काही उपकरणं स्वतःच किरणोत्सार बघून चालतात. किरणोत्सारी लेव्हल गेज म्हणजे टाकीच्या एका बाजूला सीझियम, दुसऱ्या बाजूला डिटेक्टर. किरण जास्त पोचले की ते समजतं, पातळी खाली गेली. तुमचा इरिडियम शेजारून चमकला की त्यालाही तेच वाटतं. रायगड जिल्ह्यातल्या एका कारखान्यात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. आम्ही पाइप रॅकवर शॉट लावला आणि चाळीस मीटरवरच्या एका व्हेसलची पातळी कंट्रोल रूममध्ये धाडकन पडली. पंप ट्रिप झाला. तीन वेळा शॉट, तीन वेळा ट्रिप. तिसऱ्यांदा एका पोरसवदा ऑपरेटरने वेळा जुळवल्या, नाहीतर आम्ही रात्रभर एकमेकांना दोष देत बसलो असतो.

तुमच्याकडे याचा भाऊबंद आहे : तेल तापवणाऱ्या हीटरच्या बर्नरचा फ्लेम स्कॅनर, म्हणजे ज्योत आहे की नाही ते बघणारं उपकरण. अल्ट्राव्हायोलेट ट्यूबचा स्कॅनर गॅमा किरणांनाही ज्योत समजू शकतो. म्हणजे ज्योत विझली तरी त्याला ती "दिसत" राहण्याची शक्यता, आणि बर्नर सुरू करताना नसलेली ज्योत दिसल्यामुळे लॉकआउट, म्हणजे बर्नर सुरूच होत नाही. आगीची सूचना देणारे त्याच जातीचे डिटेक्टर असतील तर खोटा अलार्म, आणि त्याला पाण्याचा फवारा जोडलेला असेल तर आंघोळ. काम सुरू करण्याआधी इन्स्ट्रुमेंटच्या माणसाला बसवून शंभर मीटरच्या टापूतली अशी सगळी उपकरणं कागदावर काढा. हीटरजवळच्या जॉइंटचे शॉट कॉलिमेटरची पाठ हीटरकडे ठेवून घ्या, आणि कंट्रोल रूमला प्रत्येक शॉटची सुरुवात आणि शेवट वॉकीटॉकीवर कळवा. सुरक्षिततेचे इंटरलॉक शॉटपुरते बायपास करू, असा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाला घरी पाठवा.

सायरनचंही आधीच ठरवा. शॉट चालू असताना कारखान्याचा आणीबाणीचा भोंगा वाजला तर सोर्स कोण आत घेणार, आणि तो आत आल्याचं कोण कुणाला सांगणार? पळण्याच्या वाटा तुमच्या दोरीतूनच जात असतात.

आता तो पाझरणारा जॉइंट. त्याची चालू लाइनवर रेडिओग्राफी करू नका. एक तर मघाशी सांगितलेली तेल मुरलेल्या लॅगिंगची आग. दुसरं म्हणजे फिल्म तुम्हाला जे सांगेल ते तुम्हाला आधीच ठाऊक आहे, भिंतीला आरपार वाट झालेली आहे. ती पिनहोल, म्हणजे सुईएवढं भोक, आहे की तडा, हे कळायला हवं, आणि नेमकं तेच या परिस्थितीत फिल्म सांगत नाही. पिनहोल जागेवर राहतं, तडा पुढे चालतो. २६० अंशाच्या तेलाचा तडा सात महिने थांबेल असं धरून चालणं मला जमणार नाही. त्या तुकड्याला दोन्हीकडे व्हॉल्व्ह असतील तर तो भाग वळवून रिकामा करा, थंड करा आणि कापून काढा. व्हॉल्व्ह नसतील तर शटडाउन सात महिन्यांवर नाही, एक-दोन दिवसांचा का होईना, आत्ता आहे, हे साहेबांना सांगायची वेळ आली आहे. रेडिओग्राफीच्या नावाखाली तो निर्णय पुढे ढकलू नका. मला वाटतं, तुमच्या साहेबांच्या प्रश्नामागे तेच दडलेलं आहे.

आणि तो एक-दोन दिवसांचा थांबा मिळालाच, तर बेत बदला. तेल काढून लाइन ५० अंशांखाली आली की ४२ मिमीचे साडेसोळा मिमी होतात, फिल्म पाइपला चिकटून बसते, तार लख्ख दिसते. शिवाय त्याच वेळी फेज्ड अ‍ॅरे अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी दोष शोधायची तपासणी) करून घेता येतं. तडे आणि न चिकटलेल्या भिंती शोधायला ते रेडिओग्राफीपेक्षा सरस आणि खोलीही मोजून देतं. गरम लाइनवर साधे प्रोब चालत नाहीत. प्रोबखाली ठेवायचे खास वेजेस साधारण १५० अंशांपर्यंत नेता येतात, पण तापमानाबरोबर ध्वनीचा वेग बदलतो आणि आकडेमोड नाजूक होते. २६० वर तो नाद सोडा.

कापून काढलेला जॉइंट भंगारात टाकू नका. उभा चिरून, घासून, रूट बघा. पेनिट्रेशन कमी आहे का, तडा कुठून निघालाय, हे त्या एका तुकड्यात दिसेल, आणि बाकी तेरा जॉइंटमध्ये काय शोधायचं ते त्यावरून ठरेल. कापण्याआधी, रिकामा झालेला तो जॉइंट आधी फिल्मवर घ्या. मग कापून काढल्यावर, पण चिरण्याआधी, पाइपचा तोच तुकडा दोन्ही टोकं बंद करून त्यात थंड तेल भरा आणि त्याच मांडणीने पुन्हा शॉट घ्या. चिरलेल्या तुकड्यात जो दोष प्रत्यक्ष दिसला, तो पहिल्या फिल्मवर कसा होता आणि दुसऱ्या फिल्मवर त्याचं काय झालं, हे शेजारी शेजारी ठेवून साहेबांना व्ह्यूअरवर दाखवा.